नोकरी गेली, बूट दुरुस्त करून घर चालवलं आणि त्याच तळघरातून जगाला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' दिला

स्ट्रेंजर थिंग्जचा पहिला एपिसोड आठवतोय? साल १९८३, एका घराचं तळघर आणि टेबलाभोवती बसलेली चार पोरं. एक जण गोष्ट सांगतोय, बाकीचे तिघं जीव मुठीत धरून ऐकतायत. गोष्टीत राक्षस येतो, आता काय करायचं यावरून आरडाओरडा सुरू होतो, एक पोरगा फासा टाकतो आणि तो फासा टेबलावरून उडून खाली जातो.

बऱ्याच जणांना वाटलं की हा खेळ सिरीजवाल्यांनीच डोक्यातून काढला असणार. पण विषय तसा नाही. हा खेळ खराखुरा आहे, १९७४ पासून बाजारात आहे आणि त्याचं नाव आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. खेळणारे त्याला नुसतं डी अँड डी म्हणतात.

हा खेळ दोघांनी मिळून बनवला. त्यातला एक म्हणजे गॅरी गायगॅक्स. शाळा अर्धवट सोडलेला, विमा कंपनीत नोकरी करणारा, पाच पोरांचा बाप. त्याच्याबद्दल बोलताना लोक खेळाबद्दल भरभरून बोलतात, पण एक गोष्ट मागे राहते. खेळ यायच्या सहा वर्षं आधी या माणसानं खिशातले ५० डॉलर भरून गावातला एक हॉल भाड्यानं घेतला आणि खेळणाऱ्या लोकांना तिथं बोलावलं. ते संमेलन झालं नसतं, तर डी अँड डी झाला असता का हाच प्रश्न आहे.

पुढं त्याच्या हातून कंपनी गेली, खेळ गेला, ते संमेलनही गेलं. तरी तो मेला तेव्हा लोक त्याच्या नावानं टेबल मांडून बसले. हे कसं झालं, तेच आज बघू.

आधी हा खेळ काय असतो ते समजून घ्या

लुडोत, कॅरममध्ये, बुद्धिबळात शेवटी कोणीतरी जिंकतो आणि कोणीतरी हरतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये तसं नसतं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक असतो डंजन मास्टर. हा गोष्ट सांगणारा, पंच आणि सगळ्या राक्षसांचं काम करणारा नट, असं तिन्ही एकाच वेळी असतो. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र असतं. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. त्या पात्राची ताकद किती, अक्कल किती, त्याच्याजवळ काय सामान आहे, हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं.

समजा डंजन मास्टरनं सांगितलं की तुमच्यासमोर लोखंडी दार आहे, कुलूप लावलेलं आहे आणि पलीकडून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय. आता काय करायचं हे सर्वस्वी तुमच्यावर. दार फोडा, कुलूप उघडायचा प्रयत्न करा, दार वाजवा, नाहीतर आल्या पावली परत जा. तुम्ही कुलूप उघडायचं ठरवलंत, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर कुलूप आवाज न करता उघडलं, लहान आला तर आतला जागा झाला. मग पुढची गोष्ट तिथून सुरू.

म्हणजे नाटकासारखं आहे, पण संहिता कुणाच्याच हातात नाही. शेवट काय होणार हे डंजन मास्टरलाही माहीत नसतं. आज व्हिडीओ गेममध्ये जे लेव्हल वाढणं, हिट पॉइंट, एक्सपीरियन्स पॉइंट असतं ना, ते सगळं या कागद-पेन्सिलीच्या खेळातूनच लोकप्रिय झालंय.

व्हायोलिनवाल्याचा पोरगा

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोमधला. वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलेले. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब शिकागो सोडून विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावात आलं. तळ्याकाठचं छोटं गाव. आईकडचे लोक तिथलेच. गॅरीचं जवळपास सगळं आयुष्य याच गावात गेलं.

वडील पोराला जादूगारांच्या, राक्षसांच्या गोष्टी सांगायचे. पोरगा लवकरच पत्ते आणि बुद्धिबळात रमला आणि मग स्वस्तातल्या गोष्टींच्या मासिकांमध्ये. रॉबर्ट हॉवर्डचा कोनन, जॅक व्हान्स, फ्रिट्झ लायबर असे लेखक त्यानं पाठ केल्यासारखे वाचले. शाळेत मात्र लक्ष नव्हतं. तो किशोरवयात असतानाच वडील गेले, पुढं शाळाही सुटली. मरीन्समध्ये भरती झाला, पण तब्येतीनं साथ दिली नाही म्हणून लवकरच परत आला. मग शिकागोत एका विमा कंपनीत कारकुनी, १९५८ साली मेरी जो पॉवेलशी लग्न, पुढं एकामागून एक पाच मुलं आणि विम्याच्याच धंद्यात अंडररायटरची नोकरी.

अंडररायटर म्हणजे कोणता धोका किती मोठा आहे याचा हिशोब करणारा माणूस. दिवसभर शक्यतांचे तक्ते बघायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढं या माणसानं जी पुस्तकं लिहिली त्यात तक्त्यांचा नुसता पाऊस आहे.

नकाशाच्या नादापायी घरात संशय

१९५८ च्या डिसेंबरात त्याच्या हाती गेटिसबर्ग नावाचा खेळ आला. अॅव्हलॉन हिल कंपनीनं अमेरिकन यादवी युद्धावर काढलेला. नकाशा, त्यावर फौजांच्या पुठ्ठ्याच्या तुकड्या, फासे आणि नियम. अशा खेळांना वॉरगेम म्हणतात. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यानं अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी क्रीगश्पील नावाचा असाच खेळ वापरायला सुरुवात केली होती. त्यात एक पंच असायचा. दोन्ही बाजू आपापले हुकूम त्याला द्यायच्या आणि रणांगणावर काय घडलं ते तो ठरवायचा. डंजन मास्टरचा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

गॅरीला या खेळाचं वेडच लागलं. रात्र रात्र घराबाहेर. मेरी जो गरोदर होती आणि तिला खात्रीच झाली की नवऱ्याचं बाहेर काहीतरी सुरू आहे. शेवटी ती एकदा त्याच्या मित्राच्या घरी जाऊन थडकली. तळघरात बघते तर नवरा आणि त्याचे मित्र नकाशांभोवती डोकं खुपसून बसलेले. हा किस्सा त्याच्या चरित्रांमध्ये हमखास सांगितला जातो.

पण या छंदाची एक मोठी अडचण होती. खेळायला माणसं कुठून आणायची? लेक जिनिव्हासारख्या गावात असे वेडे किती असणार? देशभरातले वॉरगेमर एकमेकांना फक्त पत्रांतून आणि हातानं छापलेल्या छोट्या मासिकांतून ओळखायचे. एकेक चाल पोस्टानं पाठवून महिनोन् महिने डाव चालायचे. गॅरी अशा मंडळींच्या इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ वॉरगेमर्स या संघटनेत पुढं होता. १९६७ साली त्यानं वीसेक जणांना थेट आपल्या घरीच बोलावलं. घर भरून गेलं. पुढच्या वर्षी जागा मोठी लागणार हे उघड होतं.

५० डॉलरचा हॉल

गावात हॉर्टिकल्चरल हॉल नावाची वेलींनी वेढलेली एक इमारत होती. गॅरीनं ती ५० डॉलर भाड्यानं घेतली आणि २४ ऑगस्ट १९६८ रोजी, शनिवारी, तिथं लेक जिनिव्हा वॉरगेम्स कन्व्हेन्शन भरवलं. शंभरेक माणसं आली. लोकांनी त्याचं नाव छोटं करून जेन कॉन केलं. नावात एक गंमतही आहे. युद्धाचे नियम ठरवणारे करार जिनिव्हा कन्व्हेन्शन म्हणून ओळखले जातात आणि इथं तर युद्धाचे खेळ खेळणारेच जिनिव्हात जमले होते.

आता कन्व्हेन्शन म्हटलं की तुम्हाला भाषणं, सत्कार, हार-तुरे असं काहीतरी वाटेल. तसलं काही नव्हतं. टेबलं मांडायची आणि दिवसभर खेळायचं. ज्याला नवा खेळ सुचलाय त्यानं तो घेऊन यायचा, टेबल धरायचं आणि ओळख ना पाळख अशा माणसांना खेळवायचा. पत्रातून महिनाभर चालणारी चर्चा इथं पाच मिनिटांत व्हायची.

पुढच्याच वर्षी, १९६९ च्या जेन कॉनला मिनेसोटाहून डेव्ह आर्नेसन नावाचा एक कॉलेजचा पोरगा आला. गॅरीची आणि त्याची ओळख झाली. दोघांनाही शिडाच्या जहाजांच्या लढायांची आवड. त्यातून एक खेळ दोघांनी मिळून लिहायला घेतला. हीच ती ओळख, जिच्यातून पुढं सगळं घडलं.

नोकरी गेली आणि खेळ सापडला

१९७० च्या ऑक्टोबरात गॅरीची विमा कंपनीतली नोकरी गेली. घरात पाच मुलं. गॅरीनं फावल्या वेळात खेळ लिहायचं आणि संपादनाचं काम सुरू ठेवलं, पण त्यावर घर चालणं शक्य नव्हतं. मग तो तळघरात बसून बूट दुरुस्त करू लागला.

याच काळात, १९७१ साली, त्याचा आणि जेफ पेरेनचा चेनमेल नावाचा खेळ छापून आला. मध्ययुगातल्या लढायांचा, छोट्या सैनिकांच्या बाहुल्या घेऊन खेळायचा. गॅरीनं त्याच्या शेवटी एक पुरवणी जोडली, ज्यात ड्रॅगन होते, जादूगार होते. जुने वॉरगेमर यावर नाक मुरडायचे. इतिहासात ड्रॅगन कुठून आला, असा त्यांचा सवाल.

तिकडं मिनेसोटात वेगळंच काहीतरी शिजत होतं. आर्नेसनच्या मंडळातल्या डेव्हिड वेझलीनं ब्राउनस्टीन नावाचा एक प्रयोग केला होता. अख्खी फौज चालवण्याऐवजी प्रत्येक खेळाडूनं गावातला एक एक माणूस व्हायचं. खेळ हाताबाहेर गेला, वेझलीला वाटलं प्रयोग फसला. पण खेळणाऱ्यांना भलतीच मजा आली होती. आर्नेसननं तोच धागा उचलला, त्यात राक्षस आणि भुयारं आणली आणि ब्लॅकमूर नावाची एक दुनिया उभी केली. लढाईसाठी सुरुवातीला त्यानं चेनमेलचाच आधार घेतला. महत्त्वाचं म्हणजे तुमचं पात्र एका डावात संपायचं नाही. पुढच्या आठवड्यात तेच पात्र घेऊन यायचं, आधीपेक्षा थोडं तगडं झालेलं.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आला आणि त्यानं गॅरीच्या घरी ब्लॅकमूर खेळवला. गॅरीला लगेच कळलं की ही काहीतरी वेगळीच गोष्ट आहे. त्यानं आर्नेसनकडून त्याच्या नोंदी मागवून घेतल्या आणि टाइपरायटरवर बसला. आधी ५० पानं, मग वाढवून १५०.

खेळ तपासून बघायला पहिली गिऱ्हाइकं घरातलीच होती. मोठा मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस. गॅरीनं ग्रेहॉक नावाच्या किल्ल्याखालचं भुयार कागदावर काढलं आणि दोघांना आत सोडलं. पोरांनी मोठ्या गोमी मारल्या, पुढं त्यांना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी सापडली, पण ती इतकी जड की उचलून नेता येईना. पोरं झोपायला गेल्यावर बाप बसला आणि भुयाराचा दुसरा मजला काढला. थोड्याच दिवसांत गावातले मित्रही खेळायला यायला लागले. नाव काय ठेवायचं यावर बरेच पर्याय होते. धाकट्या सिंडीला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आवडलं आणि तेच ठरलं.

अॅव्हलॉन हिलकडे गेल्यावर त्यांनी नकार दिला. ज्या खेळात पट नाही आणि कोणी जिंकत नाही, तो विकत कोण घेणार? मग १९७३ च्या ऑक्टोबरात गॅरी आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी २,४०० डॉलरमध्ये स्वतःचीच कंपनी काढली. टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजेच टीएसआर. तेवढे पैसेही खेळ छापायला पुरेनात, तेव्हा ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार २,००० डॉलर घेऊन आला. जानेवारी १९७४ मध्ये १,००० प्रती छापल्या. किंमत १० डॉलर. खोकी घरी बसून हातानं भरली. वर्षाच्या आत सगळ्या संपल्या.

अनोळखी माणसांना कसं खेळवायचं?

आता इथं एक अवघड प्रश्न उभा राहिला. पहिली छापील पुस्तकं अर्धवट होती. बरंचसं काम डंजन मास्टरच्या डोक्यावर सोडलेलं. घरी मित्रांसोबत खेळताना ते चालतं. एका गावात एक नियम, दुसऱ्या गावात दुसरा. पण कन्व्हेन्शनला काय करणार? तिथं टेबलावर बसलेल्या पाच जणांनी एकमेकांना आधी पाहिलेलंही नसतं. आणि वेळ असतो फक्त काही तासांचा.

गॅरीनं यावर जे उत्तर काढलं ते १९७५ मध्ये दिसलं. बाल्टिमोरमध्ये ओरिजिन्स नावाच्या नव्या कन्व्हेन्शनला त्यानं 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचं थडगं नेलं. तयार पात्रं, तयार भुयार, ठरलेला वेळ आणि सगळ्या गटांना एकच परीक्षा. जो गट सगळ्यात पुढं जाईल तो पहिला. भुयार इतकं क्रूर होतं की आपलं पात्र कधीच मरणार नाही अशा तोऱ्यात आलेल्यांची पहिल्याच तासात विकेट पडायची. नुसती तलवार चालवून भागत नव्हतं, डोकं लावावं लागत होतं. १९७८ साली त्यानं राक्षसांच्या किल्ल्यांवर तीन भागांची मोहीम लिहिली, तीही आधी ओरिजिन्सच्या स्पर्धेत खेळवली गेली. नंतर या सगळ्या मोहिमा पुस्तिका म्हणून छापून विकल्या गेल्या. एका कन्व्हेन्शनला काहीशे लोकांनी अनुभवलेलं भुयार आता जगभरात कुणालाही आपल्या टेबलावर मांडता येत होतं.

आज कुठल्याही कन्व्हेन्शनला गेलात तर ढाचा साधारण हाच असतो. तुम्ही आधी नाव नोंदवता. ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर जाता. बरेचसे खेळ साधारण चार तासांचे. बहुतेक वेळा डंजन मास्टर तयार पात्रांचे कागद पुढं ठेवतो, तुम्ही एक उचलता. त्याच्यापुढचं काम सोपं नसतं. कोण पहिल्यांदाच खेळतंय, कोण गप्प बसलंय, कोण एकटाच बोलतोय हे ओळखायचं, सगळ्यांना काहीतरी करायची संधी द्यायची आणि घड्याळाकडे बघत गोष्ट शेवटापर्यंत न्यायची. घरी गोष्ट अर्धी राहिली तर पुढच्या रविवारी पूर्ण होते. इथं पुढचा रविवार नसतो. सकाळी भेटलेली माणसं संध्याकाळी वेगवेगळ्या शहरांच्या विमानात बसलेली असतात.

सगळीकडे एकसारखा खेळ व्हावा म्हणून गॅरीनं १९७७ ते १९७९ या काळात अॅडव्हान्स्ड डी अँड डीची तीन जाडजूड पुस्तकं काढली. राक्षसांचं, खेळाडूंचं आणि डंजन मास्टरचं. सुरुवातीला नियम हवे तसे वळवा म्हणणारा माणूस आता अधिकृत नियमांचा आग्रह धरायला लागला. काही लोकांना हे पटलं नाही. पण एका शहरातला खेळाडू दुसऱ्या शहरातल्या टेबलावर बसू शकला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. स्पर्धा घ्यायची तर सगळ्यांना एकच नियम लागणारच.

पण या पुस्तकांमागे एक भांडणही होतं. आर्नेसन १९७६ मध्येच टीएसआर सोडून गेला होता. अॅडव्हान्स्ड हा वेगळा खेळ आहे, सबब त्यावर आर्नेसनला रॉयल्टी लागू होत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. आर्नेसन १९७९ साली कोर्टात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि खेळाचे निर्माते म्हणून दोघांचंही नाव मान्य झालं. जेन कॉनमध्ये जुळलेली मैत्री वकिलांच्या कागदांवर येऊन थांबली. खरं सांगायचं तर आर्नेसनच्या कल्पनेशिवाय खेळ जन्मला नसता आणि गॅरीच्या टाइपरायटरशिवाय तो मिनेसोटाबाहेर गेला नसता.

खेळ म्हणे सैतानाचा

१९७९ मध्ये मिशिगनमधला एक हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला. तो डी अँड डी खेळायचा, विद्यापीठाखालच्या बोगद्यांमध्ये खेळता खेळताच हरवला असणार, अशा बातम्या सुटल्या. तो नंतर जिवंत सापडला आणि त्याच्या अडचणींचा खेळाशी संबंध नव्हता हेही पुढं आलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो, आत्महत्येला प्रवृत्त करतो, असा प्रचार सुरू झाला. स्ट्रेंजर थिंग्जच्या चौथ्या सीझनमध्ये एडीच्या मागे गाव का लागतं, ते याच काळावरून घेतलंय.

गॅरीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या, बॉडीगार्ड ठेवावा लागला. १९८५ साली सिक्स्टी मिनिट्स या मोठ्या टीव्ही कार्यक्रमात बसून त्याला खेळाची बाजू मांडावी लागली. आणि गंमत बघा, ज्या खेळाला बंदी घाला म्हणून लोक ओरडत होते, त्याचा खप वाढतच गेला. १९८२ मध्ये टीएसआरची विक्री २ कोटी डॉलरच्या पुढं गेली होती.

कंपनी हातची गेली

पण वरून चकाचक दिसणाऱ्या कंपनीत आतून गॅरीची पकड सुटत चालली होती. त्याची सुरुवात फार आधी झाली होती. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकारानं गेला. वय अवघं ३६. त्याचा हिस्सा विकत घ्यायला गॅरीकडे पैसेच नव्हते. ब्लूम कुटुंबानं पैसे घातले आणि गॅरीची मालकी अर्ध्याच्या खाली आली. पुढं ब्लूम बंधूच कंपनी चालवायला लागले.

१९८३ साली गॅरीचा घटस्फोट झाला. तो हॉलिवूडला गेला. डी अँड डीची कार्टून सिरीज सीबीएस चॅनेलवर त्याच वर्षी सुरू झाली होती, तिचं काम आणि सिनेमाची खटपट असं सुरू होतं. बेव्हर्ली हिल्समध्ये आलिशान बंगला, पार्ट्या, सगळं होतं. इकडं लेक जिनिव्हात कंपनी १५ लाख डॉलरच्या कर्जात बुडाली होती. गॅरी परत आला, केविन ब्लूमला बाजूला केलं, नवी पुस्तकं काढून कंपनी सावरायला लागला आणि कारभार बघायला त्यानं लॉरेन विल्यम्स या बाईंना आणलं. १९८५ च्या ऑक्टोबरात ब्लूम बंधूंनी आपले सगळे शेअर्स त्यांनाच विकून टाकले. गॅरी कोर्टात गेला, हरला. १९८६ संपता संपता तो टीएसआरमधून बाहेर पडला.

म्हणजे बघा, ज्या माणसानं खेळ लिहिला त्याला तो खेळ पुढं लिहिता येणार नव्हता. ग्रेहॉक, जिथं त्याची पोरं पहिल्यांदा खेळली, ते नावही कंपनीकडे राहिलं. आणि जेन कॉनही. ते टीएसआरनं सत्तरच्या दशकातच आपल्याकडे घेतलं होतं. गावातला हॉल पुरेना म्हणून ते आधी केनोशाच्या विद्यापीठात आणि १९८५ मध्ये मिलवॉकीला गेलं होतं. ज्याचं भाडं त्यानं खिशातून भरलं होतं, त्या संमेलनात तो आता पाहुणा होता.

त्यानं नवे खेळ काढायचा प्रयत्न केला. १९९२ मध्ये डेंजरस जर्नीज आला, तर टीएसआरनं त्यावरही दावा ठोकला. पुढं १९९७ साली टीएसआरच डबघाईला आली आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टनं ती विकत घेतली. नव्या मालकांशी गॅरीचं जमलं. १९९९ मध्ये त्यानं लेजेंडरी अॅडव्हेंचर नावाचा खेळ काढला. तो बऱ्यापैकी सोपा होता, नियमांचे डोंगर नसलेला. पण डी अँड डीइतकं मोठं काही पुन्हा जमलं नाही.

टेबल मात्र सुटलं नाही

गॅरीनं एक गोष्ट कधीच सोडली नाही. खेळवणं. कन्व्हेन्शनला गेला की टेबल मांडायचा आणि विशीतल्या पोरांना भुयारात घेऊन जायचा. लेक जिनिव्हातल्या घरी दर आठवड्याला खेळ असायचा. २००४ मध्ये त्याला पक्षाघाताचे झटके आले, तरीही तो खेळवत राहिला. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातल्या घरीच तो गेला. वय ६९. आर्नेसन त्यानंतर साधारण वर्षभरानं, एप्रिल २००९ मध्ये गेला.

८ मार्चला गॅरीचा अंत्यविधी झाला. घरची मंडळी, जुने मित्र, लांबून आलेले खेळाडू गावातल्या अमेरिकन लीजन हॉलमध्ये जमले. जेन कॉन गावात व्हायचं तेव्हा याच हॉलमध्येही टेबलं लागायची. कोणीतरी फासे काढले, नकाशे काढले आणि लोक खेळायला बसले. पुढच्या वर्षी ते पुन्हा जमले, मग दरवर्षीच. आज गॅरी कॉन नावानं ते कन्व्हेन्शन दर मार्चमध्ये लेक जिनिव्हात भरतं. तिथं जुन्या टीएसआरमधली माणसं स्वतः टेबलं चालवतात आणि पहिल्यांदा फासा हातात घेणारी पोरंही त्याच टेबलावर बसलेली असतात.

जेन कॉन २००३ पासून इंडियानापोलिसला होतं. आता तिथं चार दिवसांत ७० हजारांहून जास्त माणसं येतात आणि हॉटेलच्या खोल्या मिळता मिळत नाहीत. त्याचे मालक बदलले. खेळाचे मालकही बदलले, नियमांची पाचवी आवृत्ती आली, लोक आता व्हिडीओ कॉलवरूनही खेळतात.

पण तिथल्या कुठल्याही टेबलापाशी दोन मिनिटं उभे राहिलात तर दिसेल ते साधारण १९६८ सारखंच. एकमेकांची नावंही माहीत नसलेली पाच माणसं, समोर एक कागद आणि पेन्सिल, एक जण सांगतोय की दार बंद आहे आणि पलीकडून आवाज येतोय, आणि बाकीचे चौघं आता काय करायचं यावर भांडतायत.